पांच रविवार व पांच चित्रपट

"सिनेमानें पोरगा हातचा गेला!" असे उद्गार माझ्या वडिलांनीं गेल्या सहामाही परीक्षेचें प्रगतिपुस्तक हातांत घेऊन काढले, आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं त्यांना उत्तर देण्यास मला तोंड नव्हतें. गणितांत मला शंभरांपैकीं 31 गुण मिळाले होते. त्याच सहामाहींत मीं अदमासें 40 चित्रपट पाहिले होते. ते कोठें व कसे पाहिले हेंही येथें सांगून टाकतों, कारण पुढील सर्व विवेचनाचें मूळ तेथेंच आहे. ते मीं रात्रीं पांघरुणांत डोकें घालून, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर, आणि वेळ वांचावा म्हणून दीडपट वेगानें पाहिले. गाणें आलें कीं बोटानें पुढें सरकवावें, कोणी रडूं लागलें कीं तेंही पुढें सरकवावें, असा माझा क्रम असे. वडिलांनीं विचारलें, "चाळीसांपैकीं एकाची तरी गोष्ट सांग पाहूं." मी सांगूं लागलों आणि तिसऱ्याच वाक्याला अडलों. नायक एका चित्रपटांतला, गांव दुसऱ्यांतलें व शेवट तिसऱ्याचा, अशी माझी त्रेधा उडाली. वडील रागावले नाहींत, नुसते हंसले. तें हंसणें मला त्या 31 गुणांपेक्षां अधिक लागलें.

तेव्हां वाचकांनीं प्रथमच ध्यानांत घ्यावें कीं, प्रस्तुत लेख म्हणजे एका आरोपीनें चित्रपटाच्या बाजूनें केलेला युक्तिवाद आहे, आणि आरोपीनें आपला गुन्हा आधींच कबूल केला आहे.

आपल्या समाजांत चित्रपटाविषयीं दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, चित्रपट हा अभ्यासाचा शत्रु असून तो मुलांच्या दृष्टीस पडूंच देऊं नये. दुसरा पक्ष तोंडानें कांहींच म्हणत नाहीं. मूल जेवेनासें झालें किंवा पाहुण्यांसमोर त्रास देऊं लागलें कीं तो त्याच्या हातांत फोन देतो व आपल्या कामास लागतो. हे दोन पक्ष परस्परविरोधी आहेत असें वरवर दिसतें. परंतु मुलाच्या शेजारीं बसून चित्रपट पाहण्याचें काम दोघांनींही टाळलेलें असतें, आणि त्या अर्थीं दोघांची चूक एकच आहे. चित्रपट ही एकट्यानें उरकण्याची गोष्ट नव्हे. तो चारचौघांत बसून पाहावा आणि पाहून झाल्यावर त्याविषयीं बोलावें, तरच तो पाहिला असें म्हणतां येईल, हें माझें मत आहे. तें बनण्यास मला मोठमोठे ग्रंथ धुंडाळावे लागले नाहींत. आमच्या घरांतले पांच रविवार पुरले.

सहामाहीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत माझ्यावर चित्रपटांची पूर्ण बंदी होती. त्या बंदीनें माझे गुण वाढले, हें मीं प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. वार्षिक परीक्षेंत गणितांत मला 58 गुण मिळाले, आणि वडील विजयी मुद्रेनें घरभर हिंडले. तथापि चित्रपट कसा पाहावा हें कांहीं त्या बंदीनें मला शिकविलें नाहीं. मे महिन्याची सुटी लागतांच माझी पूर्वीची भूक पुन्हां जागी झाली. तेव्हां आई मध्यें पडली. तिनें तोड काढली ती अशी: घरांत माणसें पांच आणि सुटींत रविवार पांच, प्रत्येकानें एकेका रविवारीं एकेक चित्रपट निवडावा व तो सर्वांनीं पुढच्या खोलींत बसून पाहावा. सर्वांचे फोन स्वयंपाकघरांतल्या रिकाम्या डब्यांत ठेवावे. कांहींही पुढें सरकवूं नये. रात्रीं जेवतांना प्रत्येकानें त्या चित्रपटाविषयीं एक तरी गोष्ट सांगावी. आवडला नाहीं असें म्हणण्यास हरकत नाहीं, पण कां आवडला नाहीं तें सांगितलें पाहिजे.

पहिला मान आजीचा. तिनें 'संत तुकाराम' (1936) निवडला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट दामले व फत्तेलाल ह्या जोडीनें दिग्दर्शित केला असून तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस ह्यांनीं केली आहे. 1937 सालीं व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवांत त्याचा गौरव झाला. आजीनें तो लहानपणीं जत्रेंतल्या तंबूंत, पोत्यावर बसून पाहिला होता. पागनीस पडद्यावर दिसतांच तिनें हात जोडले. माझ्या धाकट्या बहिणीला हंसूं आलें. आईनें तिला डोळ्यांनीं गप्प केलें. मला प्रारंभीं त्याची चाल फार संथ वाटली. माझें बोट नकळत मांडीवर पुढें सरकत होतें! परंतु अर्ध्या घटकेंत तें बोट थांबलें. तो चित्रपट संथ नाहीं, तर शांत आहे. माणूस जेवढ्या वेळांत चालतो, गातो, विचार करतो, तेवढाच वेळ त्यांत जातो. त्यांतील एक पद शांताराम आठवले ह्यांनीं रचलें असतां पुष्कळांना तें तुकोबांचाच अभंग वाटलें, ह्यांत नवल तें काय? सारा चित्रपटच त्या घडणीचा आहे. खलनायक सालोमालो मात्र मला एकरंगी वाटला. तो पडद्यावर येतांच आतां हा कपट करणार हें ठरलेलें.

परंतु जेवतांना आजी जें बोलली, तें माझ्या 40 चित्रपटांत मला एकदांही सुचलें नसतें. ती म्हणाली, "तुकोबा थोरच. पण पोरांच्या पोटाचें कोणीं पाहिलें? जिजाईनें." आणि मग मला गौरी ह्या नटीनें रंगविलेली ती जिजाई खरी दिसूं लागली. ती देवाला शिव्या देते, नवऱ्यावर करवादते, म्हैस सांभाळते, चूल पेटती ठेवते. तुकोबा उंसाची मोळी घरीं आणतांना वाटेंतल्या मुलांना वांटून टाकतात तेव्हां आपण त्यांचें औदार्य पाहून डोलतों. घरीं काय उरलें हें जिजाईच पाहते. शेवटीं तुकोबा विमानांत बसून वैकुंठास जातात आणि जिजाई मुलांबाळांसह खालींच राहते. दिग्दर्शकांनीं तिची चेष्टा केलेली नाहीं; तिची बाजूही त्यांनीं तुकोबांच्या बाजूइतक्याच प्रेमानें मांडली आहे, म्हणूनच तो चित्रपट आजवर टिकला. त्या रात्रीं वडिलांनीं आपलें ताट आपणच उचलून नेलें. त्यावर आई कांहीं बोलली नाहीं. आजीही बोलली नाहीं.

दुसरा रविवार वडिलांचा. त्यांनीं 'शेजारी' (1941) लावला. व्ही. शांताराम ह्यांचा प्रभातमधला हा शेवटचा चित्रपट. जिवबा पाटील व मिर्झा ह्या दोन वृद्ध शेजाऱ्यांचें सख्य, धरण बांधण्यासाठीं गांवच्या जमिनी हव्या असलेल्या माणसाचे डाव, संशयानें फाटलेलीं मनें, आणि अखेर फुटत्या धरणावर झालेली दोघांची गांठ, एवढीच त्याची कथा. जिवबाची भूमिका केशवराव दाते ह्यांनीं व मिर्झाची गजानन जागीरदार ह्यांनीं केली आहे. ह्याच कथेच्या 'पडोसी' नांवाच्या हिंदी आवृत्तींत मिर्झा जागीरदारच होते, परंतु हिंदु ठाकुराची भूमिका मझहर खान ह्यांनीं केली. एकानें दुसऱ्याचे कपडे घालून पाहणें, त्याचें दुःख आपल्या तोंडानें बोलणें, हा शेजारधर्माचा केवढा धडा! फाळणीच्या 6 वर्षें आधीं हा चित्रपट लोकांसमोर आला, हें मनांत आणलें म्हणजे त्या फुटणाऱ्या धरणाकडे निव्वळ करामत म्हणून पाहवत नाहीं.

येथें मात्र माझा व वडिलांचा वाद झाला. मी म्हणालों, "बाबा, ह्यांत गांव अगदीं निर्मळ दाखवलें आहे आणि विष सारें बाहेरून आलेल्या माणसाचें. खऱ्या गांवांत असें असतें का?" वडील म्हणाले, "बाहेरचा काडी लावतो, पण सरपण आपलेंच असतें. तें त्यांत दिसतें, तूं नीट पाहिलें नाहींस." आम्हीं पुन्हां तो भाग लावून पाहिला. वडिलांचें बरोबर होतें. दोघां मित्रांच्या मनांत खोटें शिरूं शकलें, कारण तें शिरण्यापुरती फट मानानें व हट्टानें आधींच पाडली होती. आठ महिन्यांत वडिलांनीं माझ्याशीं अभ्यासावांचून दुसऱ्या विषयावर एवढा वेळ बोलण्याची ती पहिलीच खेप होती.

तिसरा रविवार माझ्या बहिणीचा. ती सहावींत आहे, म्हणून तिला हंसवणारा चित्रपट हवा होता. तिनें 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) निवडला. परेश मोकाशी ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटांत दादासाहेब फाळके ह्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट कसा तयार केला त्याची कथा आहे. 3 मे 1913 रोजीं तो मुंबईस गिरगांवांत लोकांसमोर आला व भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला. स्त्रिया कामास मिळेनात, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषानें केली. सिनेमांत काम करतों असें सांगण्याची लोकांना लाज वाटे, म्हणून फाळके आपल्या मंडळींना सांगत, हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत कामाला आहों असें सांगा. हें ऐकून आजी पोट धरधरून हंसली. फाळक्यांनीं चित्रपट पाहून पाहून डोळे बिघडवून घेतले व त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली, हा प्रसंग येतांच वडिलांनीं माझ्याकडे वळून एवढेंच म्हटलें, "बघ!"

परंतु ह्याच कथेंत मला माझ्या मताचा सर्वांत मोठा आधार सांपडला. फाळक्यांनीं 1911 सालीं गिरगांवांतल्या एका चित्रगृहांत आपल्या थोरल्या मुलाला बरोबर नेऊन प्राण्यांचा चित्रपट दाखविला. पडद्यावर प्राणी हालतांना पाहिले असें मुलानें घरीं येऊन सांगितलें, तें कोणाला खरें वाटेना. तेव्हां दुसऱ्या दिवशीं फाळके सर्व कुटुंबाला घेऊन गेले. ते ईस्टरचे दिवस असल्यामुळें त्या दिवशीं तेथें येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट होता. तो पाहतां पाहतां त्यांच्या डोळ्यांपुढें आपल्याकडील राम व कृष्ण उभे राहिले, आणि हीं चित्रें आपल्या देशांत निघालीं पाहिजेत हा ध्यास त्यांनीं घेतला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ह्यांनीं अंगावरचे दागिने दिले, कंपनीच्या माणसांना रांधून घातलें, आणि फिल्मचें कामही शिकून घेतलें. म्हणजे आपल्या देशांतला चित्रपट जन्मास आला तो एका बापानें मुलाला बरोबर नेलें, मुलानें आईला सांगितलें आणि सारें घर पाहण्यास गेलें ह्यामुळें! फाळके त्या दिवशीं एकटे पांघरुणांत बसले असते तर काय झालें असतें, ह्याचा वाचकांनींच विचार करावा. ह्या चित्रपटाचा दोष म्हणाल तर इतकाच कीं, तो दुःखावरून फार लगबगीनें पुढें जातो. संसारांतल्या वस्तु एकेक करून विकल्या जात असतां घरांतल्या मुलांना काय वाटलें असेल, हें जाणून घेण्याची माझी इच्छा तशीच राहिली.

चौथा रविवार आईचा. तिनें 'श्वास' (2004) निवडला. संदीप सावंत ह्यांच्या ह्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तत्पूर्वीं हा मान मिळालेला मराठी चित्रपट एकच, आचार्य अत्रे ह्यांचा 'श्यामची आई' (1953). कोंकणांतला एक आजोबा परशुराम नांवाच्या आपल्या लहान नातवाला शहरांतल्या रुग्णालयांत घेऊन येतो. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे; जीव वांचवावयाचा तर दोन्ही डोळे काढले पाहिजेत. शस्त्रक्रियेपूर्वीं मुलाला खरें सांगितलें पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. पण सांगावें कोणीं व कसें? शेवटीं शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयांतून निघून जातो, एवढ्याचसाठीं कीं त्यानें जग एकदां डोळे भरून पाहावें. अरुण नलावडे ह्यांनीं आजोबा व अश्विन चितळे ह्यानें नातू असा कांहीं उभा केला आहे कीं, हे नट आहेत हेंच आपण विसरतों. ज्या डोळ्यांची मीं रात्रींच्या रात्रीं जागून नासाडी केली, त्यांची किंमत मला त्या दिवशीं कळली. परंतु ह्या चित्रपटाविषयीं मला सांगावयाचें आहे तें निराळेंच.

चित्रपट अर्ध्यावर असतां वडील उठून ओट्यावर जाऊन बसले. तेथूनही त्यांना सारें ऐकूं येत असलें पाहिजे, कारण तो संपतांच ते आंत आले. जेवतांना त्यांची पाळी आली तेव्हां ते बराच वेळ भात कालवीत राहिले. मग ताटाकडे पाहतच म्हणाले, "डॉक्टरांनीं मला सगळें सांगितलें होतें. मीं दादांना नाहीं सांगितलें. शेवटच्या दिवसापर्यंत बरें होईल, बरें होईल, असेंच म्हणत राहिलों." दादा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन नऊ वर्षें झालीं. आमच्या घरांत त्या आजारपणाचा विषय कोणी कधीं काढीत नसे, आणि तो कां काढीत नसे हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्यांना नाहीं, पण मला तरी सांगायचें होतेंस." वडिलांनीं मान हलविली. त्या रात्रीं तीं दोघें ओट्यावर उशीरापर्यंत बोलत बसलीं होतीं. काय बोललीं तें मला माहीत नाहीं; तें माझ्यासाठीं नव्हतें. मला इतकेंच माहीत आहे कीं, नऊ वर्षें जी गोष्ट त्या घरांत बोलतां येत नव्हती, ती बोलण्यास एका चित्रपटानें वाट करून दिली. चित्रपटांत काय अर्थ आहे असें विचारणाऱ्या थोरांना माझ्यापाशीं ह्याहून दुसरें उत्तर नाहीं.

पांचवा रविवार माझा. मीं 'फँड्री' (2013) निवडला. नागराज मंजुळे ह्यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेंत डुक्कर. जब्या नांवाचा शाळेंत जाणारा एक मुलगा आहे; वर्गांतली शालू त्याला आवडते; त्याच्या घरच्यांवर गांवांतलीं डुकरें धरण्याचें काम येऊन पडतें, आणि तेंही शाळेच्या लगत, सर्वांच्या देखत. शालूनें पाहूं नये म्हणून जब्या लपत राहतो. कवि सौमित्र म्हणून आपण ज्यांना ओळखतों, ते किशोर कदम त्याच्या बापाच्या भूमिकेंत आहेत. त्यांचा ओशाळा, चिडका, थकलेला बाप विसरूं म्हटल्यास विसरतां येत नाहीं. एके क्षणीं डुक्कर हाताशीं आलेलें असतां शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें, आणि तें सारें कुटुंब जेथल्या तेथें ताठ उभें राहतें. ज्या देशानें त्यांना अजून माणूस म्हणून जागा दिली नाहीं, त्या देशाचा मान तीं माणसें राखतात. पुढें तें डुक्कर काठीला बांधून नेत असतां पाठीमागच्या भिंतीवर डॉक्टर आंबेडकरांसारख्या महापुरुषांचीं चित्रें दिसतात. दिग्दर्शक एक अक्षर बोलत नाहीं. बोलण्याची गरजही नाहीं.

हा चित्रपट मीं पूर्वीं फोनवर पाहिला होता. त्या वेळीं मला त्यांतली डुकरामागची धांवपळ गमतीची वाटली होती, हें लिहितांना माझी मान खालीं जाते. ह्या खेपेस तो घरच्यांसमवेत पाहिला आणि माझें लक्ष जब्याकडे न जातां कुंपणापाशीं उभें राहून हंसणाऱ्या मुलांकडे गेलें. त्यांत मला माझा चेहरा दिसला. माझ्या पूर्वीच्या शाळेंत पांचवींत आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील गटारें साफ करण्याचें काम करीत. आम्हीं त्याला एक टोपणनांव ठेविलें होतें, तें मी येथें लिहिणार नाहीं. मी सर्वांत मोठ्यानें हंसत नसें, एवढेंच समाधान मी आजवर स्वतःला देत आलों होतों. चित्रपटाच्या शेवटीं जब्या दगड उचलतो आणि तो थेट पाहणाऱ्यांच्या दिशेनें भिरकावतो. पडदा काळा होतो. फोनच्या वीतभर कांचेवर तो दगड मला लागला नव्हता. आमच्या पुढच्या खोलींत तो लागला.

रात्रीं मीं हें सर्व सांगितलें. मला वाटलें होतें, वडील रागें भरतील. त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या मुलाचें खरें नांव काय?" तें आठवण्यास मला वेळ लागला, आणि त्या वेळांत घरांत जी शांतता होती, ती माझ्या जन्मांत मी विसरणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी त्याच्या घराचा शोध घेत गेलों. तीं माणसें गांव सोडून गेल्याला तीन वर्षें झालीं होतीं. क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच. ह्या ओळी वाचणाऱ्या विद्यार्थिबंधूंच्या वर्गांत असा कोणी असेल, तर तो अजून तेथें बाकावर बसलेला आहे हें त्यांनीं आपलें भाग्य समजावें, आणि उद्यां त्याला त्याच्या नांवानें हांक मारावी.

आतां माझ्या मतावर जे आक्षेप येतील त्यांचा थोडक्यांत विचार करतों. पहिला आक्षेप असा कीं, सर्वच चित्रपट काय ह्या पांचांसारखे असतात? मुळींच नसतात. पुष्कळ चित्रपट उथळ असतात, कांहीं हिंसेला पराक्रम समजतात, आणि कांहीं तर पाहिल्याचा पश्चात्ताप व्हावा असेच असतात. परंतु बरें-वाईट ओळखण्याची शक्ति बंद दाराआड वाढत नाहीं. आजीनें जिजाईकडे, वडिलांनीं जिवबाच्या हट्टाकडे बोट दाखविलें तेव्हां मला पाहण्याची दृष्टि आली. ती आल्यावर उथळ चित्रपटाचा मला आपोआपच कंटाळा येऊं लागला. दुसरा आक्षेप वेळेचा. पांच आठवड्यांत पांच चित्रपट, म्हणजे रविवारचे दोन-अडीच तास. त्यापूर्वीं मी एकेका आठवड्यांत ह्याच्या कितीतरी पट वेळ घालवीत होतों आणि हातीं कांहीं लागत नव्हतें. तिसरा आक्षेप असा कीं, चित्रपट करमणुकीसाठीं असतो, त्यांत एवढा खल कशाला? करमणूक मलाही हवी आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहतांना आम्हीं हंसून हंसून बेजार झालों. पण करमणुकीलाही सोबत लागते. एकट्यानें हंसलेलें हंसूं खोलीबाहेर जात नाहीं.

आणखी एक गोष्ट. बोलपट सेकंदास 24 चित्रें ह्या गतीनें पडद्यावर दाखवितात. कोणी किती वेळ गप्प राहावें, कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबावें, हें करणाऱ्यांनीं त्या गतीनुसार मोठ्या विचारानें ठरविलेलें असतें. दीडपट वेगानें पाहणारा मनुष्य वेळ वांचवितो असें नाहीं. तो नेमकें तें थांबणें गमावतो. आणि चित्रपटांत सांगण्यासारखें जें असतें, तें बहुधा त्या थांबण्यांतच असतें.

म्हणून पालकवर्गास माझी नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं आम्हां मुलांवर बंदीही घालूं नये आणि आम्हांला फोनच्या स्वाधीनही करूं नये. आठवड्यांतून एकदां आमच्या शेजारीं येऊन बसावें. आमच्या शाळेच्या चालकांसही एक सुचवावेंसें वाटतें: दर सहामाहींत एक चांगला चित्रपट शाळेच्या दिवाणखान्यांत मुलांना व पालकांना एकत्र दाखवावा आणि नंतर अर्धा तास त्यावर मोकळी चर्चा ठेवावी. माझ्या विद्यार्थिबंधुभगिनींस मी इतकेंच म्हणेन कीं, थोडे चित्रपट पाहा, पूर्ण पाहा, आणि पाहिलेल्या चित्रपटाची गोष्ट दुसऱ्या दिवशीं कोणाला तरी सांगून पाहा. तिसऱ्या वाक्याला अडलांत, तर तो चित्रपट तुम्हीं पाहिलाच नाहीं असें समजा.

आमच्या घरीं ही रीत पुढें चालू राहिली आहे. आतां महिन्याला एक रविवार ठरला असून पाळी पुन्हां आजीवर आली आहे. तिनें 'श्यामची आई' सांगून ठेविला आहे. फोन ठेवण्याचा तो डबा आईनें मध्यंतरीं साखरेसाठीं घेतला होता. परवां पाहतों तों वडिलांनींच त्यांतली साखर दुसरीकडे काढून, डबा पुसून, रिकामा करून ठेविला होता.